नाळे बा

माझा पहिला बोर्ड मी भुतासाठी रंगवला.
सात वर्षांचा होतो. आई बैलहोंगलची,
तिला लिहिता येत नव्हतं, पण भुताला वाचता येतं
यावर तिचा पक्का भरवसा.
चुन्यात काडी बुडवून तिनं मला दारासमोर बसवलं,
हातात मास्तरांनी लिहून दिलेला कागद,
कन्नडमधली तीन अक्षरं: नाळे बा.
उद्या ये.
म्हणजे भूत रात्री येणार, वाचणार,
बरं, उद्या, म्हणून माघारी फिरणार,
आणि उद्या परत तेच.
एवढं शहाणं गिऱ्हाईक मला नंतर बरीच वर्षं भेटलं नाही.

पुढं चाळीस वर्षं अख्खा वेंगुर्ला रोड
माझ्या अक्षरांखाली बसून प्यायला.
हिंडलग्यापासून शिनोळीच्या कमानीपर्यंत
निम्म्या बारांचं बारसं माझ्या हातचं.

सुळग्याच्या वळणावर 'पाचच मिनिटं'.
तिथनं घरी फोन लावायचा,
"पाचच मिनिटांत आहे गं,"
आणि देवाशपथ, खोटं काहीच नाही.

निंगोजी कडोलकरानं पोरीच्या नावानं काढला, 'रेश्मा'.
पोरीचं लग्न ठरल्यावर व्याही बोर्डाखाली उभे राहिले,
गप्प. अर्ध्या दिवसात मी 'समाधान' केला.
पण मी हात एकच मारला होता;
दुपारी बाराचं ऊन पडलं की
समाधानाच्या पोटातनं अजून रेश्मा दिसते.

पलीकडं, महाराष्ट्रात, 'माणुसकी परमिट रूम'.
खाली लाल रंगात: उधारी बंद.

आणि अलीकडं शेवटचा, 'हद्द'.
इकडं इलेक्शन लागलं की गिऱ्हाईक तिकडं,
तिकडं लागलं की तिकडचं इकडं,
दोन सरकारं, तहान एक.
तिथला एकजण रोज म्हणायचा,
"मी हद्दीत राहूनच पितो, पेंटर."
त्याला उचलून नेताना चौघं लागायचे.

मग एक दिवस भावकाण्णा आला.
"लिही: उद्यापासून बंद."
"बार?"
"बार कशाला? दारू.
इथं बसलेला दुसरं काय बोलतोय सांग की."

हिरव्यावर पिवळं लिहिलं, सावली देऊन.
उचगावात बोंब झाली, भावकाण्णा बंद करायलाय म्हणून;
पहिल्या रात्री टेम्पो भरून माणसं आली
शेवटचं प्यायला.
दुसऱ्या रात्रीही शेवटचं.
एक्साइजचा साहेब आला,
"बंद करणार, तर अर्ज कुठाय?"
त्याचंही त्या रात्री शेवटचंच झालं.

नंतर फर्मान आलं, वर कन्नड पाहिजे, मोठ्या अक्षरात.
भावकाण्णा म्हणाला, "अक्षरामागं पैसे घेतोस,
कमीत बसव बाबा."
शिडी चढलो. ब्रश बुडवला.
आणि खरं सांगतो, मी नाही,
सात वर्षांच्या त्या हातानं लिहिलं.
नाळे बा.
भावकाण्णाचं कन्नड बाजारापुरतं,
तरी तो असा हसला की शिडी हलली.

वर कन्नड सांगतंय उद्या ये,
खाली मराठी सांगतंय उद्यापासून बंद,
आणि दोन्ही वाचता येणारा माणूस आजच आत.
कुणीतरी रात्रीत खडूनं
त्या 'बा'ला एक र जोडून गेला.
मी पुसला नाही. एका अक्षराचे पैसे वाचले.

मी पीत नाही. टर्पेंटाइनचा वास पुरतो.
आता फ्लेक्स आलाय, शिडी माळ्यावर आहे.

गेल्या महिन्यात बाचीहून परत येताना,
साडेअकरा झाले असतील, भावकाण्णाचं शटर निम्मं खाली,
बोर्डाखाली एकजण उभा.
ओठ हलवत अक्षर लावत होता.
लावून झाल्यावर म्हणाला, "बरं. उद्या."
आणि फिरला, चालायला लागला, सरळ.

मी गाडीचा लाइट त्याच्या पाठीवर धरला.
खाली, पायांवर,
धरला नाही.